आधुनिक नाटकातील स्त्री : तिची जबानी आणि तिचे श्रोते

गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ (१८९९) या नाटकात नायिकेची सुटका होते ती एका शास्त्रीय मुद्द्यावर. पैशाच्या लोभाने कांचनभटाने आपली कोवळी मुलगी वृद्ध भुजंगनाथाला द्यावयाचे ठरविले आहे. मुलीला हा विवाह नको आहे, तिच्या आईला नको आहे, कोदंडासारख्या विचारी तरुणाला नको आहे. परंतु विवाह मोडतो तो यांपैकी कोणाच्याही नकारामुळे नव्हे. वधू आणि वर सगोत्र असल्याचे उघडकीस येते, आणि शास्त्राला जे अमान्य ते थांबविणे सर्वांना भाग पडते. गोत्रे भिन्न असती तर काय झाले असते, हा प्रश्न नाटकाने विचारलेला नाही. त्याचे उत्तर मात्र त्या काळच्या प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते.

देवलांना शारदेचे दुःख कळले नव्हते असे कोणी म्हणणार नाही. त्या दुःखाला त्यांनी दिलेली पदे महाराष्ट्रात घरोघर गायिली गेली. तथापि नाटकाच्या अंतर्गत जगात त्या दुःखाला पुरावा म्हणून काही किंमत नाही. शारदा मैत्रिणींजवळ बोलते, आईजवळ बोलते. निर्णय ज्यांच्या हाती आहे त्यांच्यापुढे तिची जबानी होत नाही, आणि तिची सुटका करणारे शास्त्रही तिला काही विचारीत नाही. (१९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणत असल्यामुळे तो या नाटकाच्या नायिकेवरून ओळखला जातो असा समज पुष्कळदा आढळतो. वस्तुतः ते नाव कायद्याचे प्रवर्तक हरबिलास सारडा यांचे आहे. समज चुकीचा असला तरी एका नाटकाने लोकमनात केवढे स्थान मिळविले होते याची ती खूण आहे.)

आधुनिक नाटकातील स्त्रीविषयी जे लिहिले जाते त्यात ती बंडखोर आहे की बळी आहे, हा प्रश्न प्रायः अग्रभागी असतो. या प्रश्नाने फारसे काही हाती लागत नाही. एकच बेणारे बंडखोर आणि बळी दोन्ही ठरविता येते. त्यापेक्षा अधिक उपयुक्त प्रश्न रंगभूमीच्या प्रकृतीतूनच निर्माण होतो. कादंबरीत पात्र बोलले की वाचक ऐकतो, तेवढे पुरते. नाटकात प्रत्येक वाक्याला दोन श्रोते असतात : एक रंगमंचावरचा, दुसरा प्रेक्षागृहातला. पहिल्या श्रोत्याने ऐकले तर कथानक पुढे सरकते. त्याने ऐकले नाही तर दुसऱ्याने कितीही ऐकून काही बदलत नाही. स्त्री-पुरुष संघर्षाच्या नाटकांत स्त्रीला बोलू दिले जाते की नाही, यापेक्षा ती बोलत असताना रंगमंचावर ऐकणारे कोण असते, हे पाहिले म्हणजे त्या त्या नाटकाची खरी बाजू कळू लागते. या नाटकांत वारंवार न्यायसभा भरते, हेही योगायोगाने घडलेले नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या नाटकांकडे या दृष्टीने ओझरते पाहावे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ (१९०७) या नाटकातील सैरंध्रीची विटंबना प्रेक्षकांनी अतिशय तन्मयतेने ऐकली. पण ती ऐकताना त्यांना द्रौपदी दिसत नव्हती, पारतंत्र्यातील देश दिसत होता. सरकारलाही तोच दिसला, म्हणून १९१० साली नाटकावर बंदी आली. स्त्रीचे दुःख रूपकात गेले की त्याला श्रोते मिळतात, स्त्री मात्र मागे राहते. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ (१९१९) या नाटकात तर जबानीचा प्रसंग प्रत्यक्षच आहे. मद्यपी पतीच्या हातून घायाळ झालेली सिंधू अखेरच्या घटकेस कायद्यापुढे खरे सांगत नाही. पतीवर आळ येऊ नये म्हणून दोष अपघातावर ढकलते. ज्या एका क्षणी स्त्रीचे बोलणे कायदा ऐकावयास तयार आहे, त्या क्षणी ती खोटे बोलते, आणि तिच्या या खोट्यावरच प्रेक्षक तिला पतिव्रता म्हणून वंदन करतो. गडकऱ्यांच्या प्रतिभेची ती दाहक किमया आहे यात शंका नाही. पण सिंधूच्या पातिव्रत्याचा एवढा गौरव झाल्यावर पुढील कित्येक नायिकांना खरे बोलणे किती कठीण झाले असेल, याचाही विचार व्हावयास हवा.

सिंधूची भूमिका बालगंधर्वांची होती. स्त्रीची व्यथा रंगभूमीवर पुरुषाच्या मुखातून आणि पुरुषाच्या गळ्यातून व्यक्त होण्याची ती शेवटची तेजस्वी पर्वे होत. १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेने श्री. वि. वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले, तेव्हा स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या. या नाटकाचा मूळ आधार नॉर्वेजियन नाटककार ब्यर्नसन यांचे नाटक होते, आणि त्यातील नायिका विवाहापूर्वीच्या चारित्र्याचा जो निकष स्त्रीला लागतो तोच पुरुषालाही लागावा असा आग्रह धरते. ब्यर्नसन यांचेच समकालीन इब्सेन यांच्या ‘अ डॉल्स हाउस’ (१८७९) या नाटकाच्या शेवटी नोरा पतीला मेजापलीकडे बसविते आणि आठ वर्षांच्या संसारात प्रथमच त्याच्याशी गंभीरपणे बोलते. घराचे दार लावून ती निघून जाते, ही घटना सर्वांच्या लक्षात राहिली आहे. परंतु नाट्यदृष्ट्या महत्त्वाचे आहे ते त्याआधीचे मेज. टोरवाल्डला समजत नाही, तो विरोध करतो, विनवितो. पण तो समोर बसून ऐकतो. भारतीय भाषांतील नाटकांत हे मेज मांडले जाण्यास फार काळ लागला.

विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात मेजाऐवजी आरोपीचा पिंजरा मांडलेला आहे. १९६७ साली ‘रंगायन’ संस्थेने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक केले. लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांची होती. एक हौशी नाटकमंडळी गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी येते. रात्रीच्या प्रयोगाला अवकाश आहे, म्हणून वेळ घालविण्यासाठी एक लुटुपुटीचा खटला भरवावा असे ठरते. गंमत म्हणून शिक्षिका बेणारेला आरोपी केले जाते आणि तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. पुढे हळूहळू खेळातला आरोप आणि तिचे खरे आयुष्य यांतील पडदा विरत जातो. तिचे विवाहित प्राध्यापक दामले यांच्याशी असलेले संबंध, तिला गेलेले दिवस, तिने इतरांना घातलेली लग्नाची गळ, सारे साक्षींच्या रूपाने चव्हाट्यावर येते. दामले स्वतः आलेलेच नाहीत. त्यांची अनुपस्थिती हा या नाटकातील सर्वांत बोलका पुरावा असून न्यायालय त्याची दखल घेत नाही.

या खटल्याची बांधणी बारकाईने पाहण्याजोगी आहे. ज्या दंडसंहितेचे कलम ३०२ न्यायाधीश काशीकर उच्चारतात ते खुनाचे कलम होते. गर्भपाताचा गुन्हा त्याच संहितेच्या ३१२ आणि पुढील कलमांत येत असे. भ्रूणहत्येसाठी ३०२ लावणाऱ्या या न्यायासनाला कायदा येत नाही, आणि येण्याची गरजही वाटत नाही. कलमाच्या आकड्याचा धाक पुरेसा आहे. न्यायाधीश आसनावरून उतरून स्वतःच साक्ष देतात. पोंक्षे, कर्णिक, रोकडे हे प्रत्येकी आयुष्यात कोठे ना कोठे हरलेले आहेत, आणि न्यायालय हे त्यांना मिळालेले एकमेव विजयाचे स्थान आहे. निरागस सामंताची साक्ष तर एका कादंबरीतून उचललेली. ती खोटी असूनही खऱ्याला जाऊन भिडते. शेवटी जी शिक्षा सुनावली जाते ती आरोपाच्या नेमकी उलट : जिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला, तिच्या उदरातील गर्भ नष्ट करावा असा हुकूम होतो. १९६७ साली, स्त्रीचा जीव वाचविण्याचा अपवाद सोडला तर, हे कृत्य स्वतःच दंडनीय होते. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आणि त्यातही गर्भनिरोधक साधन निकामी झाल्याचे कारण फक्त विवाहितेलाच मिळाले होते. अविवाहितेला ते मिळण्यासाठी २०२१ची दुरुस्ती यावी लागली. बेणारेच्या नीतिमान सहकाऱ्यांनी ठोठावलेली शिक्षा म्हणजे ज्या कायद्याच्या नावाने ते बोलत होते त्याचाच भंग होता. नाटकाने हे कोठे सांगितलेले नाही. तेंडुलकरांची ती रीतच होती.

निकालापूर्वी आरोपीला निवेदनासाठी दहा सेकंद दिले जातात. येथे रंगमंचावरची इतर सर्व पात्रे निश्चल होतात आणि बेणारेचे ते दीर्घ स्वगत सुरू होते. जीवनाविषयीची ओढ आणि किळस, कोवळ्या वयात मामाकडून झालेली फसवणूक, ज्याच्या बुद्धीची पूजा केली त्याने केवळ देहाची केलेली कामना, आणि ज्याला जन्म द्यावयाचा त्या जीवाविषयीची तळमळ, हे सारे त्यात येते. स्वगत संपते. दहा सेकंद संपल्याची नोंद होते, आणि न्यायालय पुढच्या कामाला लागते. ती बोललीच नव्हती.

हे स्वगत लेखकाच्या मूळ संहितेत नव्हते. तालमींच्या काळात दिग्दर्शकाच्या आग्रहामुळे ते लिहिले गेले, ही हकीकत आता सर्वपरिचित आहे. काही समीक्षकांना ते अतिभावुक वाटले, नाटकाच्या रूक्ष उपहासाशी विसंगत वाटले. या आक्षेपात तथ्य नाही असे नव्हे. शैली येथे बदलते, भाषा अलंकृत होते. परंतु विसंगतीची जागा नीट पाहिली पाहिजे. बेणारेचे मौन हेच मूळ नाटकाचे सत्य होते. तिला बोलू देणे हा रंगभूमीने केलेला हट्ट होता. आणि तो हट्ट पुरा करताना नाटककाराने एक अट घातली : ती बोलेल, पण काळ थांबलेला असेल. प्रेक्षकांनी सर्व काही ऐकावे, काशीकर-सुखात्मे यांनी एक अक्षरही ऐकू नये. स्वगत ही जुन्या नाटकाची रूढ सोय होती. तेंडुलकरांच्या हाती ती शिक्षेचा भाग बनली. नाटकाच्या शीर्षकातील पहिला शब्द हा केवळ शिपायाचा पुकारा नाही, हे येथे पुरतेपणी ध्यानात येते.

आणखी एक गोष्ट. बेणारे जाऊ पाहते तेव्हा तिला ओढत पिंजऱ्यात नेऊन उभी करणारी व्यक्ती पुरुष नाही. ती काशीकरबाई आहे. स्वतः प्रत्येक वाक्याला पतीकडून गप्प केली जाणारी ही स्त्री या एका कामात मुखत्यार होते. तेंडुलकरांच्याच ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) या नाटकात हेच सूत्र अधिक भीषण झाले आहे. चंपाविषयीची लक्ष्मीची साक्ष सखाराम ऐकतो, तत्काळ ऐकतो, आणि चंपाचा गळा दाबतो. स्त्रीचे बोलणे पुरुषाच्या कानी पडण्यास अडचण नसते, ते दुसऱ्या स्त्रीविरुद्ध असले म्हणजे झाले. त्या नाटकावर अश्लीलतेचे जे वादळ उठले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, त्या गदारोळात ही बाब बाजूलाच राहिली.

हिंदी नाटकात याच काळात मोहन राकेश यांचे ‘आधे अधूरे’ (१९६९) आले. दिल्लीच्या ‘दिशांतर’ने ते ओम शिवपुरी यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले, सावित्री झाल्या सुधा शिवपुरी. तेंडुलकरांनी ते मराठीत आणले, ही जवळीक सूचक आहे. सावित्री नोकरी करते, तिच्या पगारावर घर चालते. पती महेंद्रनाथ उद्योगात बुडून घरात निरुपयोगी होऊन बसला आहे. मुले कडवट झाली आहेत. सावित्री या घरातून बाहेर पडण्याचा मार्ग एकामागून एक पुरुषांत शोधते. बेणारेप्रमाणे तिला कोणी बोलण्यास मज्जाव करीत नाही. ती भरपूर बोलते, तिखट बोलते. तिला श्रोताही मिळतो. तो म्हणजे पतीचा मित्र जुनेजा, आणि त्याचे ऐकणे म्हणजे निकालाची पूर्वतयारी असते. सावित्रीला कोणताही पुरुष मिळाला असता तरी काही वर्षांनी ती अशीच असमाधानी राहिली असती, असे तो तिला सांगतो. जगमोहनबरोबर ती बाहेर जाऊन आली आहे. त्या दोघांत काय बोलणे झाले हे प्रेक्षकांना दाखविलेले नाही. ते जुनेजाच सांगतो. तो तेथे नव्हता, तरी काय झाले असेल ते तो सावित्रीलाच ऐकवितो. स्वतःच्या आयुष्यातील निर्णायक संभाषण स्त्रीला परक्या पुरुषाच्या तोंडून ऐकावे लागावे, यापेक्षा अधिक पूर्ण पराभव रंगमंचावर दाखविणे कठीण आहे.

या नाटकात सर्व प्रमुख पुरुषभूमिका एकाच नटाने करावयाच्या आहेत. ही योजना बुद्धिमान म्हणून गाजली आणि ती तशी आहेच. परंतु तिचा कल कोणाकडे आहे? सारे पुरुष सावित्रीला सारखेच, हे जुनेजाचे म्हणणे. आणि नाटकाची रचना त्याच्या म्हणण्याला पहिल्या प्रवेशापासून दुजोरा देत आली आहे. म्हणजे जुनेजा बोलण्यापूर्वीच रूपबंधाने साक्ष दिली आहे. अर्थात याच योजनेचा दुसराही अर्थ लागतो. चेहरे बदलले तरी स्त्रीच्या वाट्याला येणारा पुरुष एकच असेल, तर दोष तिच्या अतृप्तीचा नसून निवडीच्या अभावाचा आहे. राकेश यांना कोणता अर्थ अभिप्रेत होता यावर वाद घालण्यात अर्थ नाही. संहितेत दोन्ही आहेत. मात्र जुनेजाचे भाषण शेवटी येते, लांब आहे, आणि त्याला उत्तर नाही. अनेक प्रयोगांत पहिलाच अर्थ प्रेक्षक घरी नेतात तो यामुळे. महेंद्रनाथ त्याच रात्री परत येतो, घर पुन्हा भरते. बेणारेला न्यायालयाबाहेर पडता येत नाही, सावित्रीला घराबाहेर.

नाटकांतील ही न्यायसभा प्रत्यक्षातील न्यायसभांपासून दूर नव्हती. महाराष्ट्रातील चंद्रपूर भागात १९७२ साली पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आरोपींना निर्दोष ठरविले. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या, यावर निकालात भर होता. चार विधी-अध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना उद्देशून लिहिलेल्या खुल्या पत्राने देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला : कोठडीतील अत्याचारासारख्या प्रसंगी स्त्रीने संमती दिली नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, असे कलम साक्षीच्या कायद्यात आले. स्त्रीच्या जबानीला एका मर्यादित प्रसंगी का होईना, कायद्याने श्रोता दिला. जयवंत दळवी यांचे ‘पुरुष’ हे नाटक याच वातावरणातले. त्यातील शिक्षिका अंबिका न्यायालयात हरते आणि मग पुढाऱ्याला स्वतःच्या हाताने शिक्षा देते. प्रेक्षागृहात त्या क्षणी उठणारा टाळ्यांचा कडकडाट समजण्यासारखा आहे. नाट्यदृष्ट्या मात्र तो प्रश्नाला वळसा घालणारा शेवट आहे. ज्याने ऐकले नाही त्याला दंड झाला, परंतु ऐकण्याचा प्रश्न तसाच राहिला.

गिरीश कार्नाड यांचे कन्नड नाटक ‘नागमंडल’ (१९८८) या प्रश्नाला लोककथेच्या वाटेने भिडते. ए. के. रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या कथांचा त्याला आधार आहे. अप्पण्णा नवविवाहित राणीला दिवसभर घरात कुलूप घालून ठेवतो आणि स्वतः दुसरीकडे जातो. रात्री एक नाग त्याचे रूप घेऊन येतो आणि राणीला स्नेह देतो. ती गरोदर राहते, आणि पतीच तिच्यावर व्यभिचाराचा आरोप ठेवून तिला पंचांपुढे उभी करतो. अप्पण्णाच्या वर्तनाविषयी पंच एक शब्द विचारीत नाहीत, कारण तो विषयच नाही. राणी वारुळात हात घालून नागाला धरते आणि शपथ घेते : पतीखेरीज आणि या नागाखेरीज आपण कोणालाही स्पर्श केलेला नाही. नाग तिच्यावर फणा धरतो. पंच तिला देवी ठरवितात, पती पायांवर लोळण घेतो.

सिंधूने जबानीत खोटे सांगितले, बेणारेचे खरे ऐकलेच गेले नाही. राणी खरे सांगते, तेही उघडपणे, पंचांसमक्ष, आणि सारे ऐकतात. पण ऐकणाऱ्यांना त्यातले सत्य कळत नाही. ते चमत्कार ऐकतात. नागाचा उल्लेख हा कबुलीजबाब आहे, हे एकट्या प्रेक्षकाला ठाऊक आहे. बोलणाऱ्या राणीलाही ते त्या क्षणी पुरते उमगलेले नसते. न्यायसभेतून स्त्री निर्दोष सुटण्याची ही विरळ वेळ, आणि तीही तिला माणसांतून उठवून देव्हाऱ्यात बसवून. कार्नाडांनी नाटकाला एकच शेवट दिलेला नाही. एका शेवटात नाग मरतो. दुसऱ्यात तो जिवंत राहून राणीच्या केसांत आश्रय घेतो. या दुसऱ्या शेवटात तिच्या जवळ एक गुपित उरते. देवीला घर चालवावयाचे आहे, त्याच पतीबरोबर, आणि तिचे खरे बोलणे आता केवळ तिच्या केसांतल्या नागाला ठाऊक आहे.

वरील सर्व उदाहरणांत श्रोता पुरुष किंवा पुरुषांची सभा आहे. तेंडुलकरांच्या ‘कमला’ (१९८१) या नाटकात एक निराळा प्रसंग येतो आणि तो लहान असूनही आधुनिक भारतीय नाटकातील मोलाच्या प्रसंगांपैकी आहे. बाजारातून आदिवासी स्त्री विकत घेऊन तो व्यवहार वृत्तपत्रात उघडकीस आणण्याची प्रत्यक्षातील पत्रकाराची कामगिरी हा या नाटकाचा आधार. नाटकातील पत्रकार जयसिंग जाधव कमलाला अडीचशे रुपयांना विकत घेऊन दिल्लीस आणतो आणि पत्रकार-परिषदेत उभी करतो. ती परिषद म्हणजे पुन्हा एक न्यायसभाच. प्रश्न विचारणारे हसतात, उत्तर देणारीला ते प्रश्न कशासाठी आहेत हेही कळत नाही. ही सभा नाटककाराने रंगमंचावर आणलेली नाही. जयसिंग घरी येऊन मोठ्या उत्साहाने तिचे वर्णन करतो, आणि ते वर्णन त्याची पत्नी सरिता ऐकत असते.

त्या रात्री कमला सरितेला विचारते की मालकाने तिला केवढ्याला घेतले. सरिता क्षणभर थबकते आणि सातशे रुपये असे उत्तर देते. कमलाला किंमत जास्त वाटते, विशेषतः सरितेला मूल नाही हे कळल्यावर. मग दोघींनी घरातली कामे आणि मालक कसे वाटून घ्यावेत याची ती सरळपणे मांडणी करते. यात कमलाला विनोद अभिप्रेत नाही, उपहासही नाही; जगाचा जो नियम तिला ठाऊक आहे त्याप्रमाणे ती बोलते. सरिता तिला अडाणी म्हणून उडवून लावू शकली असती. ती तसे न करता आकडा सांगते. त्या आकड्यात सरितेने कमलाचे बोलणे ऐकल्याची पावती आहे, आणि स्वतःच्या संसाराविषयीचा निकालही. तो निकाल कोणत्याही न्यायाधीशाने दिलेला नाही. पुढे जयसिंगची नोकरी जाते, सरितेचे बंड ती स्वतःच पुढे ढकलते. हा शेवट काहींना मवाळ वाटला. परंतु सुशिक्षित शहरी स्त्रीला तिची स्थिती एका विकत घेतलेल्या स्त्रीच्या प्रश्नातून कळावी, यात जी वर्गविषयक जाण आहे ती ‘शांतता!’मध्ये नव्हती. काशीकरबाई आणि बेणारे यांच्यात जे घडू शकले नाही ते येथे घडले.

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकात विदर्भातील देशपांड्यांच्या वाड्यातील प्रभाला शिकावयाचे होते, आणि ते होऊ दिले गेले नाही. तिचे बोलणे घरात सर्वांना ऐकू येते, सवयीने ऐकू येते, जसा जुन्या दाराचा आवाज ऐकू यावा. ऐकूनही न ऐकण्याची ही घरगुती रीत न्यायालयापेक्षा अधिक परिणामकारक असते.

ऐंशीच्या दशकात नाट्यगृहाबाहेर जे घडत होते त्याची नोंद घेतल्याखेरीज हा विषय पुरा होत नाही. स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३ साली सादर केले आणि वस्त्यांतून, गावांतून त्याचे प्रयोग होत राहिले. त्याला गाढ व्यक्तिचित्रण नाही, गुंतागुंतीचे कथानक नाही. नाट्यसमीक्षेच्या रूढ मापाने ते फार उंच भरणार नाही. पण तेथे बोलणाऱ्या स्त्रिया होत्या आणि समोर बसणाऱ्यांतही स्त्रिया होत्या. सुषमा देशपांडे यांचा ‘व्हय मी सावित्रीबाई’ (१९८९) हा एकपात्री प्रयोग आणखी एक पाऊल टाकतो : रंगमंचावरचा मध्यस्थ श्रोता त्याने काढूनच टाकला. सावित्रीबाई फुले प्रेक्षकांशीच बोलतात. काळ थांबविण्याची, इतरांना गोठविण्याची गरज उरत नाही.

प्रशांत दळवी यांच्या ‘चारचौघी’ या नाटकाने १९९१ साली व्यावसायिक रंगभूमीवर या साऱ्याला एक अनपेक्षित वळण दिले. चंद्रकांत कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकात एका विवाहित पुरुषाशी नाते ठेवून मुलींना वाढविणारी आई आणि तिच्या तीन मुली आहेत. म्हणजे बेणारेला जे मूल हवे होते, तशा मुलाचे घर येथे वीस-पंचवीस वर्षांनी उभे आहे आणि चालू आहे. थोरली विद्या पतीच्या दुसऱ्या स्त्रीशी असलेल्या संबंधांमुळे माहेरी आली असून तिचे पतीशी दूरध्वनीवरचे प्रदीर्घ संभाषण हा या नाटकातील सर्वांत गाजलेला प्रवेश होय. बाह्यतः तेही स्वगतच आहे, कारण रंगमंचावर एकच आवाज ऐकू येतो. परंतु बेणारेच्या स्वगतात श्रोते समोर होते आणि ऐकत नव्हते. येथे श्रोता समोर नाही आणि तो ऐकतो आहे. मध्येच तो काही बोलतो, विद्या थांबते, उत्तर देते, त्याला तोडते, पुन्हा बोलू लागते. त्याची बाजू प्रेक्षकांना तिच्या उत्तरांवरूनच कळते. जुनेजाने सावित्रीचे संभाषण तिला सांगितले होते; येथे पुरुषाची वाक्ये स्त्रीच्या बोलण्यातून अनुमानाने जुळवावी लागतात.

ती भूमिका १९९१ साली वंदना गुप्ते यांनी केली होती. २०२२ साली त्याच दिग्दर्शकाने नाटक नव्या संचात पुन्हा रंगमंचावर आणले, तेव्हा ती मुक्ता बर्वे यांच्याकडे आली आणि नाट्यगृहे पुन्हा भरली. पलीकडच्या माणसाचा आवाज दोन्ही वेळा प्रेक्षकांना ऐकू आलेला नाही.